दोरा नसलेली चिंधी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, धंदा बंदूक दुरुस्ती व काडतूस विक्री (परवाना माझ्या नावावर), राहणार जुन्या तार ऑफिसमागच्या गल्लीत, दुकानाच्या वरचा मजला. आज रविवार, सकाळी पावणेदहा वाजता मी आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात आले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. बोलावणे माझ्या काकांना आहे, ते बाहेरच्या बाकावर बसले आहेत. विचारलेल्या आणि न विचारलेल्या गोष्टींबद्दल मी समक्ष सांगते ते असे.

दुकान माझ्या वडिलांचे. ते वारल्यापासून, म्हणजे छत्तीस वर्षे, काका आणि मी दोघे ते चालवतो. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय एक्क्याऐंशी. गिऱ्हाईक त्यांना उस्ताद म्हणते. मी सतरा वर्षांची असताना त्यांनी मला कामावर बसवले. पोरगी बंदूक काय साफ करणार, म्हणून चार लोक हसले, तेव्हा काका त्यांना म्हणाले होते, "तिची बोटं बारीक आहेत. तुमची अक्कल बारीक आहे." जबाब लिहून घेणारे अंमलदार म्हणतात हे लिहिण्याची गरज नाही. मला वाटते आहे.

तीन आठवड्यांपूर्वी सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मयत मोजणीदार साहेब दुकानात आले. ते जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, वय सहासष्ट, आमचे जुने गिऱ्हाईक. जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी आपल्या वडिलांची शिकारीची रायफल आणली होती. शंभर वर्षांपूर्वीची, एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. खटका खाली ओढला की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो आणि नळी आरपार मोकळी होते. दस्त्यावर एका जागी लाकूड गुळगुळीत झाले होते. मोजणीदार तिथे अंगठा ठेवून म्हणाले, "इथं बाबांचा गाल असायचा." नेमबाजीच्या मैदानावर जुन्या बंदुकांची स्पर्धा होती, कागदी निशाणावर. वडिलांच्या बंदुकीने एकदा दहा गोळ्या मारायच्या, मग ती कायमची कपाटात, असा त्यांचा बेत होता. त्यांचा परवाना मी पाहिला. नोंद वहीत आहे.

साफसफाईचे काम काकांनी केले. नळी आतून काळीठिक्कर होती. जुन्या काडतुसांच्या टोप्यांमधला क्षार आत बसून गंज धरतो, तो तेलाने जात नाही, पाण्याने जातो. काकांनी आधी कडकडीत पाणी ओतले, मग नळी कोरडी करून पितळी ब्रश चालवला. गज नेहमी मागच्या बाजूने घालायचा, पुढच्या तोंडाने नाही, कारण तोंडाची कड झिजली की गोळी भरकटते. ब्रशानंतर पांढऱ्या सुती कापडाच्या चिंध्या. चिंधी जशी आत गेली तशी बाहेर आली की काम झाले. काकांचा हा हिशोब मी लहानपणापासून ऐकते आहे. सहा दिवस गेले.

काडतूस निवडण्याबद्दल काल काकांनी जो जबाब दिला, त्यासाठी मुद्दाम सविस्तर सांगते. मोजणीदारांनी वडिलांचा काडतुसांचा डबाही आणला होता. त्यावर हिरवा गंज चढला होता. काकांनी डबा परत केला आणि म्हणाले, "ही वडिलांच्या फोटोजवळ ठेवा." मग मोजणीदारांनी बाजारातली नवी पेटी पुढे केली. ती काडतुसे या बंदुकीत बसतात, पण त्यातली दारू आजच्या बंदुकांसाठी भरलेली असते. जुन्या पोलादाला ती झेपत नाही. मोजणीदार म्हणाले, "पण उस्ताद, बसतात तर खरी." काका म्हणाले, "माझी चप्पलपण तुम्हाला बसेल. म्हणून उस्ताद व्हाल काय?" दोघे खूप हसले. मोजणीदारांचे आयुष्य फूटपट्टीत गेलेले, त्यामुळे दोघांचे चांगले जमायचे.

नळीवर कोरलेल्या मापाच्या आकड्यावर काका विसंबले नाहीत. मागल्या पिढीत कोणी काडतूस बसायचे आतले घर कापून मोठे केले असेल तर आकडा खोटा ठरतो. त्यांनी वितळलेला गंधक काडतुसाच्या घरात ओतून साचा काढला आणि तो मला मोजायला दिला. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून आतल्या पीळदार खाचांचे, म्हणजे आट्यांचे, माप घेतले. त्यावरून जुन्या मापाची, हलक्या दारूची, शिशाच्या गोळीची बावीस काडतुसे काढली. एकेक काडतूस काचेवर घरंगळवले आणि कान जवळ नेऊन ऐकले. सरळ काडतूस एकसारखे वाजते, वाकडे अडखळते. हे ते डोळे मिटूनच करतात. दोन काडतुसे बाजूला काढली. वीस दिली. छत्तीस वर्षांत काकांनी निवडून दिलेले एकही काडतूस परत आलेले नाही. उरलेली एकोणीस तुमच्या ताब्यात आहेत, ती कोणाकडूनही तपासून घ्या. त्यात खोट निघणार नाही.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे, ती समजल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मागे नाला असल्याने दुकानात ओल असते. साफ केलेली बंदूक रॅकला उभी राहायची असेल तर नळीत तेलात भिजवलेली चिंधी घट्ट बसवून ठेवतो, म्हणजे गंज धरत नाही. त्या चिंधीला लाल दोरा बांधलेला असतो आणि तो नळीच्या तोंडातून वीतभर बाहेर लोंबतो. दोरा लोंबतो आहे म्हणजे बंदूक चालवायची नाही. काम पुरे झाले की दोरा ओढून चिंधी काढायची. ही वडिलांची पद्धत. तिच्यामुळे आजवर कधी चूक झाली नाही.

आता पुढचे नाइलाजाने सांगते. काकांना दिसत नाही. अगदीच दिसत नाही असे नाही, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दुकानातले सगळे ते हाताने आणि कानाने करतात. गेली दोन वर्षे त्यांच्या हातून नळीत कुठेतरी काळी रेघ राहते, कधी एखादा स्क्रू अर्धाच बसतो. हे मी त्यांना सांगितले नाही. दुपारी दोन ते तीन काका वर जाऊन पडतात. त्या तासात त्यांनी केलेले प्रत्येक काम मी पुन्हा बघते, राहिलेले पुरे करते, आणि वस्तू होती तशी ठेवून देते. बंदुकीचे तोंडही होते त्याच दिशेला. दोन वर्षे मी डोळ्यांत तेल घालून हे केले. गिऱ्हाइकाला कळले नाही आणि काकांनाही कळले नाही, असे मी समजत होते.

ऑपरेशनला ते तयार नव्हते. विषय काढला की म्हणायचे, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? तू आधी तुझा चष्मा पूस."

बुधवारी सकाळी काकांनी या रायफलचा लाल दोरा काढला. बंदूक तयार, मोजणीदार शुक्रवारी न्यायला येणार, असे मला सांगितले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी ती उजेडात धरून पाहिली. नळीच्या मध्यावर, दोन आट्यांच्या मधे, गंजाची एक रेघ होती. तेल मुरू दिल्याशिवाय ती सुटली नसती. मी जुन्या राखाडी ब्लँकेटचा तुकडा कापला, शिलाई मशीनच्या तेलात भिजवला आणि गजाने नळीच्या मधोमध बसवला.

त्याला दोरा बांधला नाही.

अंमलदारांनी का बांधला नाही असे विचारल्यावरून सांगते. काका रोज संध्याकाळी दुकान बंद करताना रॅकवरून हात फिरवतात आणि प्रत्येक नळीच्या तोंडाला बोट लावतात. दोरा लागला असता तर स्वतः काढलेला दोरा परत कोणी बांधला, हे त्यांना कळले असते. गुरुवारी सकाळी आठला खाली उतरून मी चिंधी काढणार होते. काका साडेनऊला उतरतात. अंमलदारांनी "चिंधी"ऐवजी "कापडी वस्तू" लिहू का, असे विचारले. मी चिंधीच लिहा म्हटले.

बुधवारी रात्री जेवताना काका आपणहून म्हणाले, "उद्या नंबर लाव त्या डोळ्यांच्या दवाखान्यात. बघू तरी काय म्हणतात." दोन वर्षे मी या वाक्याची वाट पाहत होते. मला इतका आनंद झाला की रात्रभर धड झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी साडेसहाला मी दवाखान्याच्या रांगेत उभी होते. चिंधी डोक्यातून साफ गेली. माझा अकरावा नंबर होता. पुढल्या महिन्याची तारीख मिळाली. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे.

परतले तेव्हा साडेबारा झाले होते. काका म्हणाले की स्पर्धा एक दिवस आधी, शुक्रवारीच ठेवली आहे, म्हणून मोजणीदार अकरा वाजता येऊन रायफल घेऊन गेले. देताना काकांनी नेहमीप्रमाणे ठोकळा खाली ओढला, नळी खिडकीकडे धरली, एक डोळा मिटून आत पाहिले आणि म्हणाले, "आरसा आहे आरसा." हे त्यांनीच मला हौसेने सांगितले. मी दवाखान्याची चिठ्ठी दाखवत होते. माझ्या तेव्हाही लक्षात आले नाही.

लक्षात आले ते चार वाजून वीस मिनिटांनी. दुसऱ्या बंदुकीसाठी तुकडा कापायला मी ब्लँकेट हातात घेतले आणि त्याचा कापलेला कोपरा दिसला. मी दुकानातल्या फोनवरून मोजणीदारांच्या घरी फोन लावला. ते बाहेर गेले होते, फोन त्यांच्या पत्नीने घेतला. आमचे बोलणे झाले ते शब्दाला शब्द असे आहे. मी हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, साहेबांना सांगा, चालवण्याआधी नळीतून एकदा बघून घ्या." त्या म्हणाल्या, "का हो, काही राहिलंय का?" मी म्हणाले, "छे, नेहमीचंच. आम्ही सगळ्यांनाच सांगतो."

अंमलदारांनी विचारल्यावरून सांगते की आम्ही सगळ्यांना असे सांगत नाही. तेव्हा काका माझ्यापासून दोन हातांवर बसून काच पुसत होते. नळीत चिंधी आहे असे म्हटले असते तर ती कोणाची, केव्हाची, आणि उस्तादांनी आरसा म्हणून जे पाहिले ते काय, हे सगळे उघडे पडले असते. फोन ठेवल्यावर काकांनी विचारले, "कोण होतं?" मी म्हणाले, "मोजणीदारांकडे केला होता. स्पर्धेची वेळ विचारत होते." ते म्हणाले, "बरं."

मोजणीदारांचे घर सायकलने वीस मिनिटांवर आहे. मी गेले नाही. सात वाजेपर्यंत दुकानात होते आणि गेले नाही. निरोप दिला आहे, ते बघतील, मोजमापाचा माणूस आहे, बघितल्याशिवाय राहणार नाही, असे मनाला समजावत राहिले.

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला मैदानावरच्या शिपायाचा फोन आला. मी पोचले तेव्हा मोजणीदारांना दवाखान्यात नेले होते. पहिल्याच गोळीला नळी मधोमध फुटली होती. बंदूक धरताना डावा हात तिथेच येतो. नळीचा एक तुकडा मानेत गेला होता. गवतावर त्यांचा चष्मा पडला होता, तो न फुटलेला. तो मी उचलून शिपायाकडे दिला. शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ते वारले.

मी शुक्रवारी दुपारपासून दवाखान्यातच होते. मोजणीदारांच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या. शनिवारी पहाटे त्या मला म्हणाल्या, "तुमचा निरोप मी त्यांना रात्रीच सांगितला होता. तर म्हणाले, उस्तादांनी बघितलीय ना, मग मी काय वेगळं बघणार." मग माझा हात धरून म्हणाल्या, "मी नीट सांगितला होता ना हो निरोप? माझं काही चुकलं नाही ना?" मी म्हणाले, "नाही." याहून जास्त बोलण्याची हिंमत मला झाली नाही. त्यांना माझ्या या जबाबातले निरोपाचे पान तरी वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. त्यांनी निरोप नीट दिला होता. निरोपच खोटा होता.

शनिवारी अकरा वाजता मी घरी नसताना काका शेजारच्या शिंप्याला बरोबर घेऊन इथे आले आणि त्यांनी जबाब दिला, की काडतूस निवडण्यात आपली चूक झाली, दारू जास्त होती, दुकानात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. संध्याकाळी त्यांनी मला हे सांगितले तेव्हा मी चहा करत होते. त्यांच्यापुढे कप ठेवला. कप घेताना ते चाचपडले आणि चहा सांडला. मी फडके आणून पुसले. रात्रभर विचार केला तो इतकाच, की काका स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडून देतील, पण डोळ्यांचे नाव काढणार नाहीत. त्यांना खरेच आपला हात चुकला असे वाटते आहे, आणि मी गप्प राहिले तर ते तसेच समजून मरतील.

तरी माझे म्हणणे असे आहे की काडतूस बरोबर होते. मैदानावरच्या पंचनाम्यात लोकरीच्या राखाडी कापडाचा जळका तुकडा नोंदलेला आहे. काका नेहमी पांढऱ्या सुती चिंध्या वापरतात. राखाडी ब्लँकेट माझ्या टेबलाखाली आहे, त्याचा एक कोपरा कापलेला आहे. तुकडा जुळवून पाहावा. चूक माझी आहे. चिंधी ठेवली मी, विसरले मी, आणि आठवल्यावर खरे बोलले नाही तेही मीच.

इथपर्यंत लिहून झाल्यावर अंमलदार म्हणाले की आता हे मोठ्याने वाचावे लागेल. मी म्हणाले, मी मनात वाचते, मला वाचता येते. ते म्हणाले, नियम आहे. मी म्हणाले, मग हळू वाचा. ही खोली आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे आणि ती छतापर्यंत पोचत नाही. काकांचे कान शाबूत आहेत. अंमलदारांनी आवाज खाली आणला होता, पण त्यांचा खालचा आवाजही कवायतीचाच आहे.

वाचन संपल्यावर काका भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. ते जे बोलले तेही या जबाबात लिहून घ्यावे, असे त्यांनीच सांगितले, म्हणून अंमलदार त्यांच्याच शब्दांत लिहीत आहेत.

"काडतूस बरोबर होतं हे मला ठाऊक आहे. म्हणूनच शुक्रवारी कळलं की नळीत काहीतरी राहिलं, आणि ते हिनंच ठेवलं असणार. मला वाटलं, काडतुसाचं नाव घेतलं की हिच्याकडे कोणी वळणार नाही. दोन वर्षं ही माझ्यामागून काम बघते, तेही मला ठाऊक आहे. मशीनच्या तेलाचा वास मला येत नाही की काय? पहिल्यांदा राग आला. मग बरं वाटलं. त्यानंतर मी नळीतून बघणंच सोडून दिलं. नुसती खिडकीकडे धरायचो आणि आरसा म्हणायचो. ही बघते म्हणून. तो फोनही मी ऐकला होता. नळीतून बघा असं हिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला त्याच वेळी कळायला पाहिजे होतं, आणि कळलंही होतं. पण विचारलं असतं तर मला सगळं ठाऊक आहे हे हिला कळलं असतं. मी 'बरं' म्हणालो. मी म्हटलं, ही जाईल सायकल काढून."

यावर मला काही सांगायचे आहे का, असे अंमलदारांनी विचारले. सायकलचे वर लिहिले आहे तेच, असे मी म्हटले.

काकांनी कालचा जबाब मागे घेतो म्हणून नव्या कागदावर सही करायची होती. अंमलदारांनी कागद पुढे सरकवला. काकांनी पेन हातात घेतले आणि मला म्हणाले, "कुठं करायची ते दाखव." इतक्या वर्षांत त्यांनी मला असे पहिल्यांदाच विचारले. मी त्यांचे बोट धरून जागेवर ठेवले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो काकांनीही ऐकला. मी सांगितले तसाच लिहिला आहे, त्यातला एकही शब्द मला कमी करायचा नाही.